तिसऱ्या लोहाचा हिशेब : आयर्न कार्बोनिल क्लस्टर आणि थायॉल यांच्या अभिक्रिया, प्रकल्प नोंदी

२ जून

मुख्य अभिक्रिया ठरली: ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिल (तीन लोहांचा क्लस्टर, म्हणजे गुच्छ; कार्बोनिल म्हणजे धातूला जोडलेला कार्बन मोनॉक्साइड) अधिक १,३-प्रोपेनडायथायॉल (थायॉल म्हणजे गंधक–हायड्रोजन गट असलेले सेंद्रिय संयुग, यात असे दोन), उकळत्या टोल्युइन या द्रावकात. हवे आहे ते डायआयर्न हेक्झाकार्बोनिल प्रोपेनडायथायोलेट. यापुढे नोंदींत त्याला 'पीडीटी संयुग' आणि सुरुवातीच्या क्लस्टरला 'डोडेका' म्हटले आहे.

हा प्रकार जुना आहे. इथेनथायोलेटचा याच घराण्यातला भाऊ राइलेन आणि सहकाऱ्यांनी १९२९ मध्येच प्रसिद्ध केला होता. नंतर बरीच दशके तो कार्बोनिल रसायनातला एक नीटनेटका नमुना एवढाच राहिला. १९९८ आणि १९९९ मध्ये दोन जिवाणूंमधील लोह-लोह हायड्रोजनेज एन्झाइमच्या स्फटिकरचना आल्या. त्याच्या गाभ्यात दोन लोह, त्यांना जोडणारे दोन गंधक आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड आहेत हे दिसले, आणि पीडीटी संयुग एकदम मध्यभागी आले.

समीकरण आधी कागदावर मांडले. डोडेकात तीन लोह आणि बारा कार्बोनिल. उत्पादनात दोन लोह आणि सहा कार्बोनिल. डायथायॉलचे दोन हायड्रोजन वायू होऊन जातात. उरतात एक लोह आणि सहा कार्बोनिल. त्यांतले पाच त्या लोहाबरोबर आयर्न पेंटाकार्बोनिल म्हणून निघून जातात आणि एक मोकळा कार्बन मोनॉक्साइड होतो. हिशेब पूर्ण जुळतो. पण याचा सरळ अर्थ असा की अभिक्रिया शंभर टक्के झाली तरी एक तृतीयांश लोह आपल्या हाती लागणार नाही, आणि ते जाते ते एका विषारी, उडून जाणाऱ्या द्रवाच्या रूपात. छापील पद्धतींमध्ये यावर फार तर एक ओळ असते. या नोंदवहीत प्रत्येक वेळी त्या तिसऱ्या लोहासाठी वेगळा रकाना ठेवायचा आहे.

४ जून

डोडेकाची बाटली तपासली. स्फटिक काळपट हिरवे, जवळजवळ काळेच. वरच्या थरात थोडी तपकिरी भुकटी आहे. बाटली वारंवार उघडली गेल्याची ही खूण. लेबलवर 'मेथॅनॉलने स्थिर केलेले' असे आहे. या मेथॅनॉलकडे दुर्लक्ष केले की वजनाची सगळी गणिते चुकतात. आपण पाच मिलिमोल समजून घालतो साडेचार, मग थायॉल जास्त पडते आणि दोष अभिक्रियेवर येतो.

२.८०० ग्रॅम श्लेंक फ्लास्कमध्ये (हवा न लागता काम करायची, व्हॅक्यूम आणि अर्गॉनच्या नळीला म्हणजे श्लेंक लाइनला जोडता येणारी फ्लास्क) घेऊन खोलीच्या तापमानाला व्हॅक्यूमवर ठेवले. पहिल्या वीस मिनिटांत पंप अगदी सावकाश उघडायचा, नाहीतर कोरडी भुकटी उडून लाइनमध्ये जाते. तीन तासांनी वजन २.५७ ग्रॅम. म्हणजे आठ टक्क्यांहून थोडे जास्त मेथॅनॉल होते.

हेक्झेनमध्ये आयआर (इन्फ्रारेड वर्णपट): मुख्य शिखर २०४६ प्रति सेमी, जवळच २०२३. द्रावण स्वच्छ गर्द हिरवे. हिरव्यात तपकिरी छटा आली तर माल बिघडला असे धरायचे. चाचणीनळीत चिमूटभर घेऊन पाच मिली डायक्लोरोमिथेन घालावे. तळाशी काळा किंवा तपकिरी गाळ किती राहतो हे उजेडासमोर धरून पाहिले की बाटलीची किंमत कळते. आज गाळ नगण्य आहे.

एक सूचना भिंतीवरही लावली आहे: डोडेका विघटित होऊन मागे राहणारी काळी बारीक पूड कोरडी झाल्यावर हवेत आपोआप पेट घेऊ शकते. स्पॅच्युला पुसलेला टिश्यू कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही.

५ जून

मांडणी. २५० मिलीची तीन मानेची गोल बुडाची फ्लास्क, अंडाकृती चुंबक, मधल्या मानेवर कंडेन्सर, एका बाजूला अर्गॉन, दुसऱ्या बाजूला सेप्टम (सुई टोचता येणारे रबरी बूच). कंडेन्सरच्या वरून नळी आधी एका रिकाम्या बाटलीत, तिथून तेलाच्या बबलरमध्ये, तिथून हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) बाटलीत आणि शेवटी हूडच्या (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाच्या) मागच्या फटीपाशी.

रिकामी बाटली शोभेसाठी नाही. हीटर बंद केल्यावर फ्लास्कमधला वायू आकुंचन पावतो आणि हायपोक्लोराइट उलटा ओढला जातो. ते गरम टोल्युइनमध्ये पडले तर दिवस वाया जातो, शिवाय धोका वेगळा. ही बाटली हायपोक्लोराइटच्या बाटलीपेक्षा मोठी घ्यायची, म्हणजे सगळे उलट आले तरी तिथेच मावते.

हायपोक्लोराइट फक्त थायॉलच्या वाफेसाठी आहे. कार्बन मोनॉक्साइड त्यात अडत नाही. तो हूडनेच ओढून न्यायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हूडच्या बाहेर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवला. पाच मिलिमोलच्या अभिक्रियेतून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळून जेमतेम पाव लिटर वायू निघतो. हूड चालू असेल तर ही मात्रा काहीच नाही, पण हूड बंद पडला तर मात्र आहे.

नळाचे पाणी सध्या ३० अंशांच्या आसपास येते. टोल्युइनला ते पुरते, पण पेंटाकार्बोनिल १०३ अंशांना उकळते आणि अर्गॉनच्या प्रवाहाबरोबर निसटते. म्हणून चिलर जोडून १० अंशांचे पाणी फिरवायचे ठरले. अर्गॉनचा प्रवाह तापवताना अगदी मंद ठेवायचा, तेलात दोन-तीन सेकंदांना एक बुडबुडा. जोराचा प्रवाह अभिक्रियेला काही देत नाही, फक्त तिसरे लोह वाफेत ढकलतो.

६ जून

पहिली अभिक्रिया.

डोडेका २.५२ ग्रॅम (५.० मिलिमोल, मेथॅनॉल काढलेले). टोल्युइन ७५ मिली, आण्विक चाळणीवर सुकवलेले, अर्गॉनचे बुडबुडे अर्धा तास. डायथायॉल ०.५० मिली, घनता १.०७८ धरून ५४० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ५.० मिलिमोल. सिरिंजमध्ये थेंब उरतो, म्हणून सिरिंजचे वजन आधी आणि नंतर घ्यावे. नुसत्या आकारमानावर भरवसा ठेवला तर पाच टक्क्यांची चूक सहज होते.

तेलाचे पात्र १२५ अंश. १०:४० ला उकळी. १०:५५ पर्यंत रंग बदल नाही. ११:१० ला फ्लास्क टॉर्चसमोर धरल्यावर कडेला तांबूस झाक. ११:३० ला हिरवा आणि लाल मिळून गढूळ तपकिरी दिसते. या टप्प्यावर नवखा माणूस 'जळाले' म्हणून बंद करतो, करू नये. १२:०० ला गर्द लाल.

नमुने दर पंधरा मिनिटांनी. ०.१ मिली काढून १ मिली टोल्युइनमध्ये पातळ केले आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या ०.१ मिमी सेलमध्ये आयआर घेतला. मिठाच्या खिडक्या या हवेत आठवड्यात धुरकट होतात, त्या पावसाळ्यात वापरायच्याच नाहीत. पाहायची शिखरे दोनच: २०४६ चे डोडेकाचे, ते उतरते, आणि २०७४ चे पीडीटी संयुगाचे, ते चढते. खालच्या भागात सगळ्यांची गर्दी आहे, तिथे उत्पादन आणि पेंटाकार्बोनिल एकमेकांवर चढतात.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. नमुना सुकवून हेक्झेनमध्ये घेतला की आयआर देखणा येतो, पण सुकवताना पेंटाकार्बोनिल उडून गेलेले असते. मग तिसरे लोह कधी दिसतच नाही आणि ते तयार झाले नाही असा समज होतो. टोल्युइनमधून थेट घेतलेल्या नमुन्यात २०२० आणि १९९५ च्या आसपास खांदे स्पष्ट आहेत.

११:५५ च्या नमुन्यात २०४६ संपले. टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून पाहायची चाचणी, हेक्झेनमध्ये): हिरवा ठिपका गेला, शेंदरी ठिपका एकटा, सुरुवातीच्या रेषेवर तपकिरी डाग. १२:०५ ला हीटर बंद. अर्गॉन वाढवला आणि मगच तेलाचे पात्र खाली घेतले.

७ जून

टोल्युइन काढायचे, पण नेहमीसारखे रोटाव्हॅपवर (द्रावक उडवायच्या यंत्रावर) लावून चहाला जायचे नाही. पेंटाकार्बोनिल टोल्युइनबरोबरच येते. दोघांचे उकळबिंदू सात-आठ अंशांच्या फरकाचे. कामाच्या जागेसाठी त्याची मर्यादा हवेत ०.१ पीपीएम आहे आणि तीस अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे ४० मिमी पारा, म्हणजे उघड्या भांड्यातून ते आरामात हवेत येते. म्हणून टोल्युइन श्लेंक लाइनवर, हूडमध्येच, द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये ओढले. ट्रॅप लावण्याआधी लाइनमधला अर्गॉन पूर्ण काढायचा आणि गळती तपासायची. द्रव नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन आणि अर्गॉन गोठून साचतो, आणि नंतर ट्रॅप तापताना फुटू शकतो.

ट्रॅपमध्ये जमलेले टोल्युइन वितळल्यावर फिकट पिवळे. तेच ते पेंटाकार्बोनिल.

फ्लास्कमधला काळपट लाल अवशेष २५ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन सेलाइटच्या (गाळण्यासाठीच्या बारीक पुडीच्या) दोन सेमी थरातून गाळला. सेलाइटवर काळपट तपकिरी थर राहिला, तो डायक्लोरोमिथेनने ओलाच ठेवला. गाळलेल्यात ६ ग्रॅम सिलिका घालून सुकवले आणि स्तंभावर कोरडे चढवले. स्तंभ ३ सेमी रुंद, २० सेमी उंच, १००–२०० मेश सिलिका, नुसते हेक्झेन. आधी फिकट हिरवी रेघ (उरलेला डोडेका), तिच्या मागे रुंद शेंदरी पट्टा. वरच्या टोकाला तपकिरी थर हलत नाही. त्याला डायक्लोरोमिथेन देऊन खाली आणायच्या फंदात पडू नये, तो उत्पादनात मिसळतो.

शेंदरी भाग सुकवून १५ मिली गरम हेक्झेनमध्ये विरघळवला, फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर रात्रभर. लाल स्फटिक, १.३७ ग्रॅम. डोडेकाच्या मोलवर ७१ टक्के. लोहाच्या हिशेबाने: आत १५.० मिलिमोल लोह घातले, स्फटिकांत आले ७.१. म्हणजे ४७ टक्के. वहीत दोन्ही आकडे लिहायचे. ७१ वाचून बरे वाटते, ४७ वाचून काम कळते.

आयआर, हेक्झेन: २०७४, २०३३, २००३, १९९३ आणि १९८२ ला बारीक. प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन अणूंचा वर्णपट), ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म: २.१४ च्या आसपास चार प्रोटॉन, १.८० च्या आसपास दोन. पहिल्या नळीतली शिखरे फुगलेली आली. कारण लोहाची सूक्ष्म पूड. तिच्या चुंबकत्वाने रेषा रुंदावतात. पाश्चर पिपेटमध्ये बोटभर सेलाइट भरून नमुना त्यातून पुन्हा नळीत घेतला, शिखरे सरळ झाली. संयुग बिघडले असा निष्कर्ष काढण्याआधी हे करून पाहावे.

९ जून

ट्रॅपमधले टोल्युइन झाकणाच्या बाटलीत हूडमध्ये ठेवले होते. शनिवार–रविवार त्यावर खिडकीतले ऊन येत राहिले. आज बाटली हलवली तर आत सोनेरी चकत्या तरंगल्या, अभ्रकाच्या कपच्यांसारख्या पातळ, फिरताना एका बाजूने चमकणाऱ्या. हे डायआयर्न नोनाकार्बोनिल. प्रकाशाने पेंटाकार्बोनिलमधला एक कार्बोनिल सुटतो, उरलेला तुकडा दुसऱ्या पेंटाकार्बोनिलला जाऊन चिकटतो आणि न विरघळणारे नोनाकार्बोनिल खाली बसते. प्रयोगशाळेत ते मुद्दाम बनवायची रीतही हीच आहे, फक्त तिथे दिवा लावतात. सुटलेल्या वायूने बाटलीत दाब होता, झाकण उघडताना फुस्स आवाज आला. यापुढे असे टोल्युइन तपकिरी बाटलीत, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, थंड जागी.

चकत्या गाळून, सुकवून ४० मिलिग्रॅम भरल्या. त्यांत लोह ०.२ मिलिमोल. बाकीचे टोल्युइन आयआरने मोजले: पेंटाकार्बोनिलची वजन करून तीन प्रमाणित द्रावणे, १९९५ जवळचे शिखर, नमुना वीसपट पातळ. दोन्ही मिळून ३.६ मिलिमोल.

तर हिशेब असा: स्फटिकांत ७.१, टोल्युइनमध्ये ३.६, एकूण १०.७. उरलेले ४.३ सेलाइटवर, स्तंभाच्या टोकाला आणि स्फटिकांवरच्या हेक्झेनमध्ये. स्फटिकांवरचे हेक्झेन पुन्हा अर्धे करून फ्रीझरमध्ये ठेवले तर आणखी थोडे निघेल, पण पहिल्या पिकाइतके शुद्ध नसते. ते वेगळे ठेवतो, एकत्र करत नाही.

टोल्युइन नष्ट करण्याची पद्धत ठरवली. ५०० मिली ताजे, अल्कधर्मी हायपोक्लोराइट, हूडमध्ये, जोरात ढवळत. टोल्युइन थेंबाथेंबाने दोन तासांत. दोन थर राहतात म्हणून ढवळणे महत्त्वाचे. वायू सुटतो, त्यामुळे भांडे बंद करायचे नाही. तळाला गंजाच्या रंगाचा गाळ येतो. रात्रभर ढवळून वरच्या थराचा आयआर घ्यायचा. १९००–२१०० मध्ये सपाट रेषा मिळाली तरच टाकाऊ द्रावकांच्या कॅनमध्ये. आम्ल अजिबात घालायचे नाही, क्लोरीन सुटतो.

१२ जून

दुसरी अभिक्रिया, त्याच मात्रा, आणि बिघडली. उत्पादन ०.६२ ग्रॅम, म्हणजे ३२ टक्के.

कारण शोधले. तेलाच्या पात्राचा सेन्सर तेलाच्या वर आला होता, तेल प्रत्यक्षात १५० अंशांपर्यंत गेले. टोल्युइन ११० च्या वर जात नाही, पण द्रवाच्या रेषेच्या वर फ्लास्कच्या भिंतीवर चिकटलेला डोडेका तेलाचेच तापमान घेतो. सुमारे १४० अंशांना तो विघटित होतो. भिंतीवर काळा आरसा दिसला, ते धातुरूप लोह. उपाय दोन: तेलाची पातळी आतल्या द्रवाच्या पातळीपेक्षा थोडी खाली, आणि तापवण्याआधी सिरिंजने टोल्युइन सोडून भिंत धुऊन घेणे.

दुसरी चूक गाळताना. सेलाइटवरचा थर द्रावक संपल्यावर पंपाखाली कोरडा राहिला आणि काही मिनिटांत कडेला लालबुंद ठिणग्या चालू लागल्या. पंप बंद, वर वाळू, द्रावकाची बाटली दूर. नुकसान झाले नाही. नियम जुनाच आहे, तो आता ठळक अक्षरांत: गाळून झाले की थर ओला असतानाच व्हॅक्यूम तोडायचा आणि सेलाइटसकट पाण्याखाली घालायचा. त्या गाळात आयर्न सल्फाइडही असते. त्यावर आम्ल ओतले तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून तो गाळही हायपोक्लोराइटकडेच.

१६ जून

इथेनथायॉल. डोडेका २.५२ ग्रॅम, थायॉल ०.७४ मिली (१० मिलिमोल), टोल्युइन ७५ मिली. इथेनथायॉल ३५ अंशांना उकळते, म्हणून थेट उकळी आणायची नाही. ७० अंशांवर तीन तास, कंडेन्सरमध्ये ५ अंशांचे पाणी. सिरिंज आणि बाटली आधी फ्रीजमध्ये, नाहीतर सुई टोचताच द्रव स्वतःच बाहेर फेकला जातो.

इमारतीच्या सुरक्षारक्षकांना आणि शेजारच्या विभागाला आदल्या दिवशी सांगितले. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये वास यावा म्हणून जे घालतात ते हेच. थेंबभर जरी हूडबाहेर गेले तरी मजलाभर 'गॅस लीक' म्हणून धावाधाव होते, आणि खरी गळती झाली त्या दिवशी कोणी लक्ष देत नाही. काचसामान हायपोक्लोराइटमध्ये रात्रभर. त्याआधी ॲसिटोनने धुवायचे नाही. ॲसिटोन आणि हायपोक्लोराइट मिळून क्लोरोफॉर्म होतो आणि द्रावण तापते. आधी हेक्झेन, मग पाणी, मग हायपोक्लोराइट.

स्तंभावर एका ऐवजी दोन लाल पट्टे, एकमेकांना जवळजवळ चिकटून. ही अशुद्धी नाही. दोन इथिल गट गंधकावर एकाच बाजूला झुकू शकतात किंवा विरुद्ध बाजूंना. असे दोन्ही समघटक वेगळे करता येतात, हे रसायनज्ञ किंग यांनी १९६२ मध्ये मिथिल गटाच्या संयुगावर दाखवले. ४० सेमीचा स्तंभ आणि सावकाश हेक्झेन लागते. १,३-प्रोपेनडायथायॉलमध्ये दोन्ही गंधक तीन कार्बनच्या साखळीने बांधलेले असतात, ते विरुद्ध दिशांना वळूच शकत नाहीत, म्हणून तिथे एकच पट्टा. नवीन माणसाने हात बसवायला पीडीटी का घ्यावे त्याचे खरे कारण हे, आणि वासही त्यातल्या त्यात सुसह्य.

जुन्या थायॉलविषयी: बाटलीत डायसल्फाइड झाले असेल तर अभिक्रिया बंद पडत नाही. डोडेका गंधक–गंधक बंधही तोडतो आणि तेच उत्पादन देतो, फक्त हायड्रोजन निघत नाही. अडचण वजनाची होते. प्रोपेनडायथायॉलचे मात्र लांब साखळीचे चिकट डायसल्फाइड बनते, ते टोल्युइनमध्ये नीट विरघळत नाही. बाटलीच्या तळाशी पांढरा चिकट थर दिसला तर ऊर्ध्वपातन करून घ्यावे, व्हॅक्यूमखाली.

१९ जून

थायोफिन, फक्त लहान प्रमाणात, तुलनेसाठी. इथे गंधकाला धरून बसलेला हायड्रोजन नाही. तोडायचा तो कार्बन–गंधक बंध. १९६० मध्ये केझ, स्टोन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डोडेका थायोफिनमधून गंधक काढूनच टाकतो आणि चार कार्बनची साखळी लोहाच्या कड्यात बसून फेरोल बनते. गंधक आयर्न सल्फाइड म्हणून खाली बसते. उत्पादन तुटपुंजे, गाळ भरपूर. आमच्याकडेही तेच: स्तंभावर फिकट नारिंगी रेघ, ४१ मिलिग्रॅम, आणि सेलाइटवर काळी चिखलासारखी चकती. लोहाच्या हिशेबात आता सल्फाइडचा रकाना वाढला.

बेंझोथायोफिनमध्ये मात्र गंधक राहते. लोह कार्बन आणि गंधक यांच्या मध्ये शिरते आणि थायाफेरोल मिळते. कच्च्या तेलातून गंधक काढताना उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर पहिली पायरी कशी असेल, हे समजायला ही संयुगे वापरली जातात. भारतात १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल–डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम आहे. थायॉलमधले गंधक शुद्धीकरणात सहज जाते, हट्टी राहते ते अशा कड्यांमधले. टेबलावरचा हा फरक डोळ्यांना दिसतो: डायथायॉलला सव्वा तास, थायोफिनला दिवसभर उकळूनही बहुतेक गाळच.

२५ जून

रुथेनियम. प्रश्न असा: तिन्ही धातू एकत्र राहतात का?

ट्रायरुथेनियम डोडेकाकार्बोनिल १२८ मिलिग्रॅम (०.२० मिलिमोल), टेट्राहायड्रोफ्युरान ३० मिली, इथेनथायॉल १६ मायक्रोलिटर (जरा जास्तच), ६० अंश. हा क्लस्टर शेंदरी पिवळा, हवेत टिकणारा. उघड्यावर तोलता येतो. त्याची हेक्झेनमधली शिखरे २०६१, २०३१, २०११. तासाभराने २०६१ उतरले. उत्पादन पिवळे: तीन रुथेनियमचा त्रिकोण, एका कडेवर गंधक आणि हायड्राइड (धातूला जोडलेला हायड्रोजन), दहा कार्बोनिल. म्हणजे फक्त दोन कार्बन मोनॉक्साइड गेले, धातू एकही नाही. एनएमआरमध्ये हायड्राइड उणे १५ च्या आसपास. नेहमीची खिडकी उणे दोनपाशी संपते, ती मुद्दाम वाढवली नाही तर दिसणार नाही.

लोहाच्या त्रिकोणातून एक धातू सहज बाहेर पडतो कारण लोह–लोह बंध दुबळे आहेत आणि बाहेर पडणाऱ्या लोहासाठी पेंटाकार्बोनिल हे फार स्थिर, सोयीचे रूप आहे. रुथेनियमचे बंध त्याहून मजबूत. पण इथेही सीमा आहे: तापमान वाढवले किंवा थायॉल जादा घातले की त्रिकोण फुटतो, दोन रुथेनियमची संयुगे आणि शेवटी न विरघळणारा पिवळा बहुवारिक मिळतो. स्तंभावर न हलणारे पिवळे दिसले तर तापमान बघावे.

लोहाचे तीन अणू एकत्र ठेवायचे असतील तर गंधकावर सेंद्रिय गट नसलेला बरा. नुसते गंधक दोन्ही बाजूंनी टोपीसारखे बसले की तीन लोह आणि नऊ कार्बोनिल यांचा पिंजरा टिकतो. आयआयटी मुंबईत प्रदीप माथूर यांच्या गटाने गंधक, सेलेनियम, टेल्युरियम असलेल्या अशाच आयर्न कार्बोनिल पिंजऱ्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. या विषयात मुंबईचे नाव त्यामुळे आहे. पुढच्या टप्प्यात तिकडे वळायचे आहे.

१ जुलै

पीडीटी संयुगावर ट्रायफिनाइलफॉस्फिन. ०.३८६ ग्रॅम (१.० मिलिमोल) संयुग, ॲसिटोनायट्राइल २० मिली, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड एक मिलिमोल. हा ऑक्साइड एका कार्बोनिलला ऑक्सिजन देऊन कार्बन डायऑक्साइड करतो, रिकामी जागा ॲसिटोनायट्राइल सांभाळते. द्रावण दहा मिनिटांत गडद होते, बारीक बुडबुडे दिसतात. मग फॉस्फिन ०.२६२ ग्रॅम, एक तास.

ऑक्साइड बाटलीत बहुधा दोन पाण्यांसकट असतो. त्याचे एक मिलिमोल १११ मिलिग्रॅम, पाणी नसलेल्याचे ७५. पाणीवाला समजून कोरडा १११ मिलिग्रॅम घातला तर जवळपास दीडपट पडतो आणि द्रावण तपकिरी चिखल होते. बाटली वाचूनच तोलायचे.

आयआर, ॲसिटोनायट्राइल: २०४४, १९८४, १९३१. वरचे शिखर २०७४ वरून ३० ने खाली आले. फॉस्फिनमुळे लोहावर इलेक्ट्रॉन वाढले, ते उरलेल्या कार्बोनिलांकडे सरकले, त्यांचा कार्बन–ऑक्सिजन बंध सैल झाला. २०७४ अजून दिसत असेल तर अभिक्रिया अपुरी. ०.४५ ग्रॅम, ७३ टक्के. इथे लोह कुठे जात नाही, रकाना कोरा.

७ जुलै

मुख्य अभिक्रिया दुप्पट प्रमाणात, सगळ्या दुरुस्त्यांसह: डोडेका ५.०४ ग्रॅम, डायथायॉल १.०० मिली, टोल्युइन १५० मिली, तेल १२० अंश, द्रवाच्या रेषेखाली. भिंत तीनदा धुतली. २०४६ चे शिखर ८० मिनिटांत गेले. सेलाइटवरचा थर या वेळी पातळ, करडा.

स्फटिक २.९३ ग्रॅम, ७६ टक्के. लोहाचा रकाना: आत ३०.०. स्फटिकांत १५.२. ट्रॅपच्या टोल्युइनमध्ये ८.७, ऊन न लागल्याने या वेळी चकत्या नाहीत. फ्रीझरमधल्या दुसऱ्या पिकात १.१. सेलाइट आणि स्तंभाच्या टोकासाठी उरले ५.०. पहिल्या वेळी ट्रॅपमध्ये अपेक्षित पेंटाकार्बोनिलच्या ७२ टक्के सापडले होते, आता ८७. या वेळच्या दुरुस्त्यांचा हा फरक. तेवढे कमी हूडमधून बाहेर गेले.

टोल्युइनची बाटली फॉइलमध्ये, लेबल: 'आयर्न पेंटाकार्बोनिल ८.७ मिलिमोल, टोल्युइन १५० मिली, ७ जुलै, उद्या हायपोक्लोराइट'. हायपोक्लोराइट एक लिटर काढून ठेवले आहे.